स्टूल आणि फायली

अणुशक्तिनगर, मुंबई

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर चिडून म्हणालीस, "बाबा, डिव्हिजन हेड झाले की लॅबमधलं माझं स्टूल जाणार आणि खरेदीच्या इंडेंटच्या फायली येणार." तेवढ्यात आईने फोन ओढला आणि माझं सांगायचं राहिलं.

मी बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, फिटर. साहेब लोक मला खालूनच दिसले. ऑगस्ट 1985 मध्ये 'ध्रुव' क्रिटिकल झाली, म्हणजे आतली साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. 100 मेगावॉटची अणुभट्टी, आपल्याच माणसांनी आखलेली आणि बांधलेली. आमच्या मजल्यावर पेढे वाटले गेले. आणि मग लक्षात आलं की पाण्याच्या प्रवाहात आतलं इंधन थरथरतंय. युरेनियमवरचं ॲल्युमिनियमचं आवरण घासून झिजलं, युरेनियमचे कण पाण्यात उतरले. झालं, भट्टी बंद.

बसमध्ये, कँटीनमध्ये, भाजीवाल्यापाशीसुद्धा एकच विषय: कधी सुरू होणार? दिल्लीतूनही हेच विचारत असणार. पण आधी 'का थरथरतंय' हे शोधायला हवं होतं, आणि तोवर ती बंद ठेवायला कुणीतरी छातीचा कोट करायला हवा होता. आम्हा फिटर लोकांना तेव्हा ते कळत नव्हतं, आम्हीही कुरकुरायचो. पूर्ण 100 मेगावॉट गाठायला जानेवारी 1988 उजाडला. आणि औषध काय, तर इंधन घट्ट धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा! (हसू नकोस. दोन-अडीच वर्षांचं डोकं आहे त्यात.)

अनिल काकोडकर साहेब 'ध्रुव'च्या कामात होते. रुपारेल कॉलेज, मग व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे आपल्या माटुंग्याचेच. 1964 ला बीएआरसीत आले, 1996 ला संचालक झाले, पुढे 2000 ते 2009 अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. मोडीत निघायला आलेल्या कल्पाक्कमच्या दोन भट्ट्या पुन्हा उभ्या करण्यातही त्यांचा हात. लोकांना संचालकाची खुर्ची तेवढी दिसते, आधीची बत्तीस वर्षं कोणी विचारत नाही. तुझी अठरा झाली आहेत.

आता फायलींचं. गिरगावात वाढलेले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर 1989 ला तुझ्याच एनसीएलचे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, संचालक झाले आणि 1995 पासून सीएसआयआरचे, म्हणजे अशा सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या परिषदेचे, महासंचालक. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, ते सीएसआयआरने 1997 मध्ये रद्द करून घेतलं. कशाच्या जोरावर? जुने ग्रंथ, 1953 चा एक शोधनिबंध, असे बत्तीस दाखले काढले, लावले, पाठवले. तुझ्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर सिद्ध करायची होती. फाईलच होती ती, मुक्ता.

तेव्हा हो म्हण. फक्त सही करण्याआधी आठवड्यातली एक दुपार लॅबसाठी लेखी मागून घे. तोंडी आश्वासन नको, साहेब बदलले की ते विरतं. आणि कुणी 'कधी होणार' म्हणून मानेवर बसलं, तर तुझी पोरं 'का' शोधत असतील तोवर दार लावून उभी राहा.

आई म्हणते, स्टूल जाणारच असेल तर घरी घेऊन ये, तुळशीची कुंडी ठेवायला होईल. सरकारी मालमत्ता आहे ती, असं सांगितलं तेव्हा गप्प बसली.

तुझा,
बाबा