कार अलाउन्स मिळाला म्हणून मोठीच गाडी घ्यायची का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरातलं गाड्यांचं पान मी न चुकता वाचतो, पण एक तक्रार आहे. तिथे कायम नवीन गाड्याच असतात, कुठलं मॉडेल आलं, सनरूफ केवढं, स्क्रीन किती इंची, आणि जे लोक कंपनीच्या कार अलाउन्सवर सेकंड हँड गाडी शोधतायत त्यांच्यासाठी ओळभरसुद्धा काही नसतं. असे लोक काही थोडे नाहीत हो. बऱ्याच कंपन्या आता गाडी द्यायच्या भानगडीतच पडत नाहीत, दर महिन्याला ठरलेली रक्कम देतात आणि मोकळ्या होतात, मग गाडी तुमची, सर्व्हिसिंग तुमचं, इन्शुरन्स तुमचा, रस्त्यात बंद पडली तर डोकेदुखी पण तुमचीच, कंपनीला काय, तुम्ही क्लायंटकडे वेळेवर पोचलात की झालं.

पहिला घोळ इथेच होतो. अलाउन्स मंजूर झाला रे झाला की माणूस तो आकडा उचलून ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये टाकतो आणि तेवढ्या हप्त्यात बसणारी सगळ्यात भारी गाडी बघायला लागतो. अहो पण तो आकडा अख्खा हातात येतो कुठे? बहुतेक ठिकाणी अलाउन्स पगारातच धरतात, टॅक्स कापून जे उरतं ते खरं, आणि त्या उरलेल्यातच हप्ता, इन्शुरन्स, टायर, बॅटरी, ब्रेक पॅड सगळं बसवायचं असतं. इंधनाचे पैसे किलोमीटरमागे वेगळे मिळतात का तेही आधी विचारून घ्यावं, काही ठिकाणी मिळतात, काही ठिकाणी "अलाउन्समध्येच धरलंय" म्हणून हात झटकतात. माझ्या मते हातात पडणाऱ्या रकमेच्या निम्म्याच्या वर हप्ता जाऊच देऊ नये, बाकीचं सरळ वेगळ्या खात्यात टाकावं कारण जुनी गाडी खर्च सांगून काढत नाही. आणि नोकरी सुटली की अलाउन्स लगेच बंद होतो, कर्ज मात्र बंद होत नाही, हे सही करताना कोणाच्याच डोक्यात नसतं.

दुसरं म्हणजे कंपनीची पॉलिसी नीट वाचा. दोन पानांचाच कागद असतो पण कोणी वाचत नाही. गाडी अमुक वर्षांपेक्षा जुनी नको असं बहुतेक लिहिलेलं असतं, पण ते वय घेताना मोजायचं की अलाउन्स चालू असेपर्यंत, हे एचआरला ईमेलवर विचारून ठेवा, नाहीतर गाडी आज नियमात बसते आणि कर्ज अर्धं फिटायच्या आत नियमाबाहेर जाते. इन्शुरन्सचंही तसंच आहे, साध्या खासगी पॉलिसीत घर ते ऑफिस चालतं पण क्लायंटकडे कामासाठी फिरणं चालतंच असं नाही, काही ठिकाणी त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि ते नसताना अपघात झाला तर क्लेमच्या वेळी कळतं.

आता गाडी कुठली घ्यावी. आमच्या ऑफिसमधल्या एकाने मोठी डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली, ब्रँड भारी, लेदर सीट, पार्किंगमध्ये लावली की चार जण वळून बघणार. ह्याचं रोजचं जाणं-येणं ट्रॅफिकमधलं आणि थोड्याच अंतराचं. काही महिन्यांत डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा, मग गाडीचा पिकअप गेला, मग गॅरेज. मेकॅनिकने समजावलं ते असं की डिझेलच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ, ती काजळी जळून जायला आत साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि त्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळायला लागते, हा बाबा रोज थांबत थांबत जाणार, मग फिल्टर तुंबणार नाही तर काय होणार. गाडीत खोट नव्हती, माणसाच्या कामाला ती गाडीच चुकीची होती. त्यामुळे आधी आपण रोज किती आणि कशा रस्त्यावर चालवतो ते बघा, शहरातलं थांबत-सुटत चालवणं असेल तर पेट्रोल किंवा हायब्रिड, रोज लांब हायवे असेल तरच डिझेल. इलेक्ट्रिक पण चालेल, बऱ्याच कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, फक्त ती दुसऱ्या मालकाकडे येते ना हे बघून घ्या आणि बॅटरी हेल्थचा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

ब्रँडबद्दल सगळेच विचारतात. विश्वासार्हतेच्या सर्व्हेंमध्ये टोयोटा आणि लेक्सस वर्षानुवर्षं वरच्या नंबरात असतात हे खरंच आहे, पण नुसत्या बॅजवर जाऊ नका, एकाच कंपनीचं एक इंजिन वर्षानुवर्षं त्रास देत नाही आणि दुसरं इंजिन ऑइल पितं, एकाच मॉडेलचा मॅन्युअल गिअरबॉक्स दणकट आणि ऑटोमॅटिक नाजूक असं सर्रास असतं. म्हणून कंपनी बघू नका, इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी बघा. आणि नवीन मॉडेल बाजारात आलं की पहिल्या वर्षीच्या गाड्या टाळलेल्या बऱ्या, बारीकसारीक दोष त्यानंतरच्या गाड्यांत निघालेले असतात.

वय म्हणाल तर ३ ते ५ वर्षांची गाडी मला सगळ्यात फायद्याची वाटते, किमतीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि रबराचे पार्ट अजून कडक झालेले नसतात. लीजवरून, म्हणजे कंपन्यांनी काही वर्षांसाठी भाड्याने घेऊन, परत आलेल्या गाड्यांना लोक उगाच नाकं मुरडतात, "कंपनीची गाडी, कशीपण हाणली असणार" म्हणून. हाणली असेलही, पण लीजच्या गाडीचं सर्व्हिसिंग सहसा वेळेवर झालेलं असतं कारण करारातच तसं लिहिलेलं असतं, आणि हायवेवर झालेले लाखभर किलोमीटर हे शहरात क्लच दाबत झालेल्या ४० हजारांपेक्षा इंजिनाला कितीतरी हलके जातात. कमी किलोमीटर बघून हुरळून जाणारे लोक मला कधी कळलेच नाहीत. वर्षाला दोन-चार हजार फिरलेली गाडी म्हणजे बहुतेक वेळा थंड इंजिनावर भाजी आणायला गेलेली गाडी.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक लेख लिहिला होता आणि २००१ मध्ये त्याला जे नोबेल विभागून मिळालं त्यामागे हेच काम होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा सरासरी भाव लावतो, त्या भावात चांगली गाडी असणारा विकायलाच येत नाही आणि बाजारात उरतो तो कचरा. पटण्यासारखं आहे ना? मग अशा बाजारात चांगली गाडी ओळखायची कशी, तर जो विक्रेता आपणहून माहिती देतो त्याच्याकडे जायचं आणि जो लपवतो त्याच्याकडून उठून यायचं.

माहिती म्हणजे सर्व्हिस हिस्टरी. "सगळी सर्व्हिस झालीय हो, फाइल घरी आहे" हे उत्तर म्हणजे हिस्टरी नाही. बिलं हातात घ्या आणि तारीख, किलोमीटर क्रमाने वाचा, मधेच आकडा मागे गेला किंवा दोन वर्षांचं एकही बिल नाही तर तिथे बोट ठेवून विचारा. बिलाच्या खाली मेकॅनिकने बारीक अक्षरात लिहिलेला शेरा असतो, "पुढच्या वेळी ब्रेक डिस्क बदलाव्या लागतील", "ऑइल लीक, ग्राहकाने नकार दिला", खरी गोष्ट तिथे असते. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन तालात ठेवणारा पट्टा, बदलल्याचं बिल वेगळं शोधा, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात आणि मग इंजिनच उघडावं लागतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल "लाइफटाइम आहे, बदलावं लागत नाही" असं सेल्समन ठोकून देतो, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः तिच्या ८ गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांत तेल बदला म्हणते.

गाडी बघायला जाताना आधी फोनवर सांगून ठेवा की इंजिन गार पाहिजे, मी आल्यावरच स्टार्ट करायची. पोचलात की पहिले बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा काहीतरी लपवायचं होतं, निदान शंका तरी घ्या. गार इंजिन स्टार्ट करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली तर टायमिंग चेन (बेल्टऐवजी असते ती साखळी) किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर थकलेला असू शकतो आणि तो आवाज गरम इंजिनावर येतच नाही. मागे उभं राहून धूर बघा, निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, पांढरा गारव्यात थोडा येणारच पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय.

आणि हे एक काम हमखास करा, ओबीडी स्कॅनर लावा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतो, अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचा आहे, त्याला लावायचं छोटं यंत्र फोनला जोडता येतं. लोक काय करतात, कोड दिसले नाहीत की खूश होतात. पण विकणाऱ्याने आदल्या दिवशीच कोड उडवले असतील तर? म्हणून त्याच ॲपमध्ये रेडीनेस नावाचं पान असतं ते उघडा. गाडी स्वतःच्या सेन्सरांची आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तपासणी स्वतःच करत असते, कोड उडवले की त्या सगळ्या तपासण्या कोऱ्या होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बऱ्यापैकी चालवणं लागतं. रोज वापरात असलेल्या गाडीत अर्ध्याहून जास्त तपासण्या "नॉट रेडी" दिसल्या तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय, कारण विचारा आणि चेहरा बघा.

बाहेरून बघायला फार वेळ लागत नाही. टायरवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, ३२२१ असेल तर २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. चारही काचांच्या कोपऱ्यात वर्षाची खूण असते, एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारा. ४० हजार किलोमीटर म्हणणाऱ्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकाकणारं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

चेसिस नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष काढायला गाडी परत बोलावणं, बाकी आहे का तेपण बघा, हे काम फुकट होतं. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेलच, आतलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत गेलं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायला लागले, जगभरातल्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. दुरुस्ती न करता तशाच हातोहात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत हा धोका पुढच्या मालकाकडे जातो. आधीच्या कर्जाचा बोजा उतरलाय का, कागदांवरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का, हे सांगायला नको पण लोक टेस्ट ड्राइव्हच्या नादात विसरतात. आणि शेवटी आपला मेकॅनिक, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, पैसे देऊन घेऊन जा आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायला लावा. लिफ्टला नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

कंपन्यांनाही एक सांगायचंय. नुसत्या वयाच्या मर्यादेमुळे लोक नाइलाजाने नव्या गाडीचं मोठं कर्ज डोक्यावर घेतात, त्याऐवजी दरवर्षी तपासणीचा रिपोर्ट आणि सर्व्हिसची बिलं मागा, सात वर्षांची सांभाळलेली गाडी तीन वर्षांच्या हेळसांड झालेल्या गाडीपेक्षा क्लायंटकडे नक्की वेळेवर पोचेल.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एवढीच मागणी की त्या पानावर महिन्यातून एकदा तरी पाच वर्षं वापरलेल्या एखाद्या गाडीबद्दल छापा, तिचं नेमकं काय काय बिघडतं, कुठला गिअरबॉक्स टाळावा, कुठला पार्ट महाग पडतो, गॅरेजवाल्यांना विचारून. सनरूफ केवढं ते आम्ही शोरूममध्ये जाऊन बघू.

आपला,
एक नियमित वाचक