पाठकोऱ्या कागदावरच्या पाच ओळींबद्दल

पुणे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार (म्हणजे अपडेट) ३० जून २०२४ ला संपला, तेव्हापासून कोथरूडपासून कल्याणीनगरपर्यंत छोट्या व्हीएफएक्स (सिनेमातल्या दृश्य करामतींच्या) स्टुडिओंत एकच प्रश्न ऐकू येतो: ‘आता कुठलं लिनक्स?’ तुम्ही त्याचं उत्तर द्यायला साफ नकार दिलात. त्याबद्दलच पहिले आभार.

त्याऐवजी तुम्ही पाठकोरा कागद पुढे सरकवलात आणि पाच ओळी लिहायला लावल्यात: रोज लागणारं सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती, त्याला लागणारी जीलिबसी (लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी), पायथन, ग्राफिक्स ड्रायव्हर. कागद भरला आणि निवड जवळजवळ आपोआपच झाली. नव्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम जुन्या जीलिबसीवर उघडत नाही, जुन्यावर बांधलेला नव्यावर सहसा चालतो. जीलिबसी सेंटओएस ७ मध्ये २.१७, त्याच कुळातल्या रॉकी लिनक्स ८ मध्ये २.२८, रॉकी ९ मध्ये २.३४. हल्लीच्या ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरला किमान २.२८ लागते, म्हणजे जुनं मशीन तिथेच बाद. व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्मचा (कुठल्या वर्षी कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती धरायची, याचा) वर्षवार तक्ता आधी बघा आणि लिनक्सचं वितरण मागून ठरवा, हा तुमचा क्रम. आम्ही सगळे उलट्या टोकाने सुरुवात करत होतो.

उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर राग नव्हता तुमचा. ब्लेंडर आणि हुदिनी तिथे छान चालतात. पण माया या थ्रीडी सॉफ्टवेअरचं पॅकेज आरपीएममध्ये (रॉकीच्या कुळातल्या लिनक्सच्या साच्यात) येतं आणि एडिटिंगचं रिझॉल्व्हही रॉकी समोर धरूनच बनवलेलं, मग दर आवृत्तीला ठाकठोक कोण करणार? फेडोरा या लिनक्सची एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने टिकते, आपली एक मालिका त्याहून लांबते. रॉकी १० मोहक आहे, पण त्यातून एक्सऑर्ग सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) गेला आणि त्याला एव्हीएक्स२ हा आज्ञासंच असलेला प्रोसेसर लागतो. रेंडरसाठी ठेवलेल्या सेकंडहँड झिऑन ई५ व्ही२ प्रोसेसरांत तो नाही, म्हणून ते त्यावर सुरूच होणार नाहीत. रॉकी ९ ला सुरक्षा अपडेट ३१ मे २०३२ पर्यंत. विषय संपला.

खरं डोकं खातो तो एनव्हिडियाचा ड्रायव्हर, आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळही त्यानेच खाल्ला. ड्रायव्हरचं मॉड्यूल एका ठरावीक कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) बांधलेलं असतं. कर्नल गुपचूप बदलला की लॉगिनच्या जागी काळा पडदा. म्हणून क्रम असा: आधी पूर्ण अपडेट, मग रीबूट, त्यानंतरच बाकीचं. रीबूट टाळला तर चालू कर्नल जुना आणि मॉड्यूल बांधायला लागणारं कर्नल-डेव्हल पॅकेज नवं, अशी फाटाफूट होते आणि मॉड्यूल बांधलंच जात नाही. मग सीआरबी रेपो (जादा पॅकेजचं भांडार) चालू करून ईपेल हे दुसरं भांडार घ्यायचं, जीसीसी, मेक, डीकेएमएस (मॉड्यूल बांधणारं साधन) आणि चालू कर्नलच्याच क्रमांकाचं कर्नल-डेव्हल टाकायचं, लिनक्ससोबत येणारा नूव्हो ड्रायव्हर काळ्या यादीत घालून ड्रॅकटने इनिटरॅमएफएस (सुरू होतानाची छोटी फाइल सिस्टिम) पुन्हा बनवायचा, आणि मग ड्रायव्हर.

सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) चालू असेल तर मॉकयुटिल या कमांडने डीकेएमएसची चावी नोंदवायची. पुढच्या रीबूटला निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर तो निघून जातो. चावी नोंदली जात नाही, ड्रायव्हर चढत नाही आणि माणूस उगाच ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत बसतो. कार्ड बिचारं ठीक असतं. सगळं जमलं की डीएनएफ या पॅकेज टाकणाऱ्या साधनाच्या व्हर्जनलॉकने कर्नल आणि ड्रायव्हर दोन्हींना कुलूप. तरीही घोळ झालाच, तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या) यादीत मागचे कर्नल असतात. रॉकी एकूण तीन ठेवतं.

वेलँड (एक्सऑर्गच्या जागी आलेली नवी यंत्रणा) बंद ठेवायचं हेही तुमचंच. जीडीएम या लॉगिन पडद्याच्या कस्टम फाइलमध्ये ‘वेलँड एनेबल फॉल्स’ ही ओळ, बस. नाहीतर वॅकॉम टॅब्लेटचा पेन कुठल्या मॉनिटरला बांधायचा हे सांगणारं एक्ससेटवॅकॉम निरुपयोगी होतं आणि रोटो (फ्रेममधल्या आकृतीची कड हाताने रेखणं) करणाऱ्याची रेषा दुसऱ्याच स्क्रीनवर उमटते.

रॉकी ९ वर रिझॉल्व्ह उघडताना जीलिबच्या (ही जीलिबसी नव्हे, वेगळी लायब्ररी) नावाने एरर येते. त्याने सोबत आणलेल्या जुन्या लायब्ररी सिस्टिमच्या नव्यांशी भांडतात. त्याच्या लिब्स फोल्डरमधल्या लिबजीलिब, लिबजीआयओ आणि लिबजीमॉड्यूल बाजूच्या फोल्डरमध्ये हलवायच्या, पुसायच्या नाहीत. शिवाय लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीत एच.२६४ या साच्यातला व्हिडिओ उघडत नाही, हे क्लायंटने एमपी४ पाठवल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता सामाईक स्टोरेज. रॉकी टाकताना प्रत्येक मशीनवरच्या पहिल्या माणसाला युआयडी (वापरकर्त्याचा आकडा) १००० मिळतो, आणि साध्या एनएफएसला (नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या व्यवस्थेला) नाव कळत नाही, आकडा कळतो. म्हणजे सात मशीनवरची सात माणसं सर्व्हरच्या लेखी एकच. कोणीही कोणाचंही पुसावं! तुम्ही तक्ता करून दिलात: २००१ पासून माणशी एक आकडा, सगळीकडे तोच. माउंट (सर्व्हरचं फोल्डर जोडणं) ‘हार्ड’च, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत थांबणारं, ठेवायला सांगितलंत. ‘सॉफ्ट’मध्ये नेटवर्क अडखळलं की अर्धवट फ्रेम लिहिली जाते आणि ती सापडते थेट डिलिव्हरीच्या आदल्या रात्री.

तुमचं गणितही तक्त्याखाली तसंच आहे. १९२० बाय १०८० ची, चार चॅनेलची, हाफ-फ्लोट, न दाबलेली ईएक्सआर (एका फ्रेमची चित्रफाइल) म्हणजे साधारण १६.६ एमबी. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर जवळजवळ ४०० एमबी. एक गिगाबिटची तार फार तर ११० एमबी ओढते, म्हणजे सहा-सात फ्रेम. तेव्हा प्लेबॅक अडकला की ऑपरेटिंग सिस्टिमला दोष द्यायचा नाही. एकतर मशीनमधल्याच वेगवान एनव्हीएमई डिस्कवर कॅश, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत जाऊन १० गिगाबिटच्या सामानाची चौकशी.

बारीकसारीक दोन. फोल्डरच्या नावातल्या ‘प्लेट’चं लिनक्सला पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल हा फरक कळतो, विंडोजवरून आलेल्या स्क्रिप्टला कळत नसतो, तेव्हा फोल्डरची नावं सरसकट स्मॉलमध्ये. आणि एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइलींची १०२४ ची मर्यादा लिमिट्समध्ये वाढवून ठेवायची, नाहीतर लांबलचक सीक्वेन्सवर काम मध्येच कोलमडतं.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून जमत नाही. काम चालू असताना अपडेट नकोच, असं तुम्ही म्हणता. कर्नल, ड्रायव्हर, ग्राफिक्सच्या लायब्ररी यांच्याबाबत शंभर टक्के मान्य. पण ब्राउझर आणि ओपनएसएसएच (दुरून लॉगिन करायचं साधन) मालिका संपेपर्यंत थांबवणं आम्हाला पटत नाही. तेवढी दोन आम्ही दर गुरुवारी, आधी एका मशीनवर बघून, अपडेट करतो. रागावू नका.

सेंटओएस ७ चं एक मशीन जुन्या प्रोजेक्टांसाठी ठेवलंय, नेटवर्कची तार काढून. पाठकोरा कागद सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवलाय. ते झिऑन निकालात निघतील तेव्हा रॉकी १० साठी नवा कागद घेऊन येऊच, या वेळी जीलिबसीचा रकाना आधी भरून.

आपले,
सदाशिव पेठेतले कंपोझिटिंगवाले