साठ सोंगट्यांबद्दल सुतारकाकाजींना

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

तान्ह्या पोळ्याचे नंदीबैल घडवून उरलेल्या सागवानाच्या तुकड्यांतून तुम्ही आम्हाला साठ सोंगट्या कापून दिल्या आणि मजुरीचं नावही काढू दिलं नाही. त्या इतक्या काटेकोर का लागत होत्या, हे तुम्हाला नीट सांगायचं राहिलं. आजूबाजूच्या गावात कुणाला हा खेळ मांडायचा असेल तर त्यांनाही कामी यावं, म्हणून पत्र उघडंच लिहितो आहोत.

खेळ अमेरिकेतला. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. आम्ही १९८१ च्या ‘बेसिक’ पुस्तिकेचे नियम पाळतो. पानं फक्त ६४. एकाजवळ भुयाराचा नकाशा असतो, त्याला आम्ही पंच म्हणतो. बाकीचे एकेक पात्र होऊन त्या भुयारात शिरतात, आपण काय करतो ते तोंडानं सांगतात, आणि जिथं नक्की सांगता येत नाही तिथं आकडा काढतात.

आकड्यासाठी ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे लागतात. वीस बाजूंचा फासा म्हणजे वीस सारखे त्रिकोण. लाकडात एक जरी पैलू मोठा राहिला, तरी फासा त्यावरच जास्त बसतो आणि त्याच्या समोरचा आकडा वारंवार वर येतो. तुम्ही म्हणालात, फासा कोरू नका, पट्टी कापा. अगदी बरोबर होतं ते. १९७९ मध्ये अमेरिकेतच फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा या खेळाच्या खोक्यात फाशांऐवजी पुठ्ठ्याच्या आकडे छापलेल्या चिठ्ठ्या घालून विकल्या गेल्या होत्या.

सहाही फाशांच्या बाजूंची बेरीज साठ, म्हणून सोंगट्या साठ आणि कापडी थैल्या सहा. एका फाशाऐवजी एक थैली; तिच्यात १ पासून त्या फाशाच्या बाजूंइतक्या आकड्यांच्या सोंगट्या, आणि फासा टाकण्याऐवजी न बघता एक काढायची. कागदाची चिठ्ठी हाताळून मऊ पडते आणि बोटं तिला ओळखू लागतात. तुमची १८ मिलिमीटरची चौकोनी, ५ मिलिमीटर जाडीची सोंगटी ओळखू येत नाही, कारण पट्टी आधी सलग रंधून घेतली आणि करवतीला अडणी लावून मगच तुकडे पाडले. आकडा डागून काढला तर खाच बोटाला लागते. बॉलपेननं लिहिला तर लाखेच्या पॉलिशमधल्या स्पिरिटनं शाई पसरते. म्हणून पेन्सिलनं लिहून दोन्ही बाजूंना पॉलिशचा एकेक पातळ हात दिला. एकाच बाजूला दिला असता तर कोरी बाजू खरखरीत राहिली असती. ६ आणि ९ च्या खाली रेघ हवीच.

सगळ्यात मोठी चूक होते ती काढलेली सोंगटी परत न टाकण्याची. समोर प्राणी आला की तो कसा वागेल, हे सहाच्या थैलीतून काढलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेवर ठरतं: २ आले तर तो लगेच तुटून पडतो, १२ आले तर मैत्री करतो. थैलीतून लागोपाठ दोन सोंगट्या उचलल्या तर बेरीज ३ ते ११ मध्येच अडकते. म्हणजे २ नाही आणि १२ सुद्धा नाही, या खेळातले दोन सर्वांत जिवंत क्षण थैलीतच राहतात. पात्राचं बळ, बुद्धी वगैरे सहाच्या तीन आकड्यांवर ठरतं. तिथंही सोंगटी परत टाकली नाही तर ३ ते १८ ऐवजी ६ ते १५ एवढंच हाती येतं आणि सगळी माणसं एकसारखी मध्यम निघतात.

मशालीसाठी आम्ही चिंचोके वापरतो. एक मशाल सहा फेऱ्या जळते, एक फेरी दहा मिनिटांची; म्हणून सहा चिंचोके मांडायचे आणि फेरी सरली की एक उचलायचा. दर दोन फेऱ्यांनी पंच सहाच्या थैलीतून सोंगटी काढतो. १ आला की अंधारातून काहीतरी चालत येतं. एका मशालीत तीनदा काढायचं, म्हणजे निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता शंभरात ४२. भिंतीचा दहा फुटांचा तुकडा चाचपायला एक फेरी जाते, आणि चोरदार असलं तरी साध्या माणसाला ते सहात एकदाच सापडतं. बोलण्याच्या नादात पंच चिंचोका उचलायला विसरला की वेळेला किंमत उरत नाही. मग लोक प्रत्येक भिंत चाचपत बसतात आणि अंधाराची भीती उरत नाही. जुन्या पद्धतीच्या खेळाची चव या सहा चिंचोक्यांत आहे, असं आमचं ठाम मत आहे.

नवख्या मांत्रिकाचा जीव १ ते ४ गुणांचा, आणि एका बाणाचा घाव १ ते ६. शून्यावर मरण. शिवाय अनुभवाचे गुण मारामारीपेक्षा बाहेर आणलेल्या सोन्यावर जास्त मिळतात. म्हणून शहाणा खेळाडू तलवार उपसण्याआधी प्रश्न विचारतो, फरशीवर पाणी ओतून ते कोणत्या फटीत मुरतं ते पाहतो, लांब काठीनं पुढची जमीन ठोकतो. नकाशा गणिताच्या चौकटीच्या वहीत काढायचा, एक चौकट दहा फूट. अंतर दाराच्या मधोमध धरायचं की भिंतीपासून, हे आधीच ठरवून घ्यावं; नाहीतर चौथ्या खोलीपाशी नकाशा जुळत नाही.

काकाजी, तुमच्या सोंगट्यांमुळे आकडा कुणाचाच लाड करत नाही. हरलेलाही थैलीवर शंका घेत नाही, आणि मांत्रिक मेला तरी पंचावर कुणी रुसत नाही. हे तुमच्या हाताचं काम आहे, त्याबद्दल मनापासून आभार.

एक मागणं आहे. सहाच्या सोंगट्यांचे आणखी दोन संच, म्हणजे बारा नग, मिळाले तर तीन थैल्यांतून तीन आकडे एकदम निघतील आणि परत टाकायचं विसरण्याचा प्रश्नच राहणार नाही. माप तेच, १८ बाय ५. लाकूड आम्ही आणतो, या वेळी मजुरी मात्र घ्यावी लागेल. नंदीबैलांची गर्दी ओसरल्यावर सवडीनं करा.

आपले,
वाचनालयाच्या ओसरीवर खेळणारे आम्ही सगळे