जाँ लोंगे यांच्यावरच्या मराठी पुस्तिकेसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मजकूर जरा लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती. नाशिक भागातल्या आमच्या छोट्या सार्वजनिक वाचनालयातर्फे हे लिहितोय. आम्हाला जाँ लोंगे या फ्रेंच वकील आणि पुढाऱ्यावर मराठीत एक पुस्तिका काढायचीये, त्यासाठी पैसे हवेत आणि पैशापेक्षाही जास्त गरज आहे ती फ्रेंच नीट येणाऱ्या माणसांची.

नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमची काही चूक नाही. मार्सेलिसची उडी आमच्याकडे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे, ८ जुलै १९१०, मोरिया बोट, संडासाच्या छोट्या खिडकीतून सावरकर समुद्रात, पोहत धक्क्यावर, मग पळापळ आणि फ्रेंच पोलिसाने पकडून परत इंग्रजांच्या ताब्यात. आणि मग गोष्ट एकदम अंदमानात जाते. मधले सात-साडेसात महिने पॅरिस, लंडन आणि हेगमध्ये जे चाललं होतं ते कुणी सांगतच नाही, आणि लोंगे नेमके तिथे आहेत.

उडीनंतर थोड्याच दिवसांत पॅरिसच्या 'लुमानिते' या समाजवादी पेपरात या प्रकरणावर आवाज उठला. पेपर समाजवादी पुढारी जाँ जोरेस यांचा, आणि त्यात सावरकरांच्या बाजूने लिहिणाऱ्यांत लोंगे पुढे होते, मादाम कामा तेव्हा पॅरिसमध्येच होत्या आणि हे प्रकरण फ्रेंच समाजवाद्यांनी उचलून धरावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. मुद्दा अगदी सरळ होता. माणूस एकदा फ्रान्सच्या जमिनीवर आला की त्याला परत न्यायचं तर ब्रिटिश सरकारने फ्रेंच सरकारकडे रीतसर मागणी करायला हवी, धक्क्यावरच्या पोलिसाने परस्पर धरून बोटीवर नेऊन द्यायचं हे कुठल्या कायद्यात बसतं? हा आरडाओरडा झाला म्हणून फ्रेंच सरकारला इंग्रजांकडे विषय काढावा लागला आणि ऑक्टोबर १९१० मध्ये दोन्ही सरकारांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे जायचं ठरवलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला, की ताब्यात देण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून ब्रिटनने कैदी परत करायलाच हवा असं नाही. तोपर्यंत मुंबईत दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण पुस्तिका काढण्याचं मोठं कारण तेच आहे. 'कार्ल मार्क्सचा नातू हेगच्या कोर्टात सावरकरांचा वकील म्हणून उभा राहिला' असा फॉरवर्ड सारखा फिरत असतो. नातू हे खरंय, मार्क्सची थोरली मुलगी जेनी, तिचा हा मुलगा, १८७६ ला लंडनमध्ये जन्मलेला, आजोबा त्याला जॉनी म्हणायचे. पण हेगला पक्षकार होते दोन देश, ब्रिटन आणि फ्रान्स, सावरकरांना स्वतःचा वकील द्यायची तिथे सोयच नव्हती. लोंगेंची लढाई झाली ती पेपरातून आणि त्यांच्या फ्रेंच समाजवादी पक्षातून. खरी गोष्ट एवढी मोठी असताना तिच्यावर खोटं चढवायची गरज काय, आणि उद्या पोरांना कळलं की फॉरवर्ड चुकीचा होता तर ती खऱ्यावरही विश्वास ठेवणार नाहीत, आम्हाला तेच नकोय.

लोंगेंचं पुढचं आयुष्य तर त्याहून भारी आहे. १९१४ ला ते खासदार झाले. त्याच वर्षी ३१ जुलैला रात्री जोरेस आणि मंडळी पॅरिसच्या एका कॅफेत जेवत होती, लोंगेही होते, एका सहकाऱ्याने आपल्या छोट्या मुलीचा फोटो दाखवला, जोरेस तो बघत होते आणि तेवढ्यात मागच्या खिडकीतून गोळ्या आल्या. जोरेस गेले आणि तीन दिवसांत फ्रान्स महायुद्धात. युद्ध वाढत गेलं तसे लोंगे पक्षातल्या शांततावादी गटाचे पुढारी झाले, १९१९ ला संसदेत व्हर्सायच्या तहाच्या विरोधात बोलले, पुढच्या निवडणुकीत पडले. मग १९२० ला मॉस्कोने कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत यायच्या ज्या २१ अटी घातल्या त्यात संधिसाधू म्हणून ज्यांची नावं होती त्यात लोंगे! मार्क्सचा नातू! डिसेंबरमध्ये तूर शहरातल्या अधिवेशनात पक्ष फुटला, बहुमत कम्युनिस्टांकडे गेलं आणि हे जुन्या पक्षात राहिले. मला विचाराल तर हा माणूस कुणाच्याच चौकटीत बसत नाही म्हणून त्याला कुणी आपला म्हटलं नाही.

१९२५ पासून ते पॅरिसजवळच्या शातने-मालाब्री गावचे महापौर होते, तिथे १९३१ पासून उतारावर झाडांमध्ये कामगारांसाठी स्वस्त भाड्याच्या घरांची वसाहत उभी राहायला लागली, ब्यूत-रूज नावाची. १९३८ ला मोटार अपघातात लोंगे गेले, तोपर्यंत महापौर तेच.

आता मदतीचं. 'लुमानिते'चे १९१० चे अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, पण फ्रेंच जुनं, कायद्याचं, आणि स्कॅन कुठे कुठे पुसट, मशीन ट्रान्सलेशनने नुसता घोळ होतो. त्यामुळे फ्रेंच शिकवणारे, शिकणारे, पुण्या-मुंबईचे किंवा फ्रान्समध्ये राहणारे मराठी लोक यांनी एकेक लेख जरी वाटून घेतला तरी आमचं मोठं काम होईल, मानधन थोडंच देऊ शकतो पण पुस्तिकेत नाव नक्की छापू. एखादा वकील कायद्याचा भाग तपासून देणार असेल तर फारच उत्तम.

५०० प्रती काढायच्यात, टायपिंग, प्रिंटिंग, कुरिअर धरून चाळीस हजारांचा अंदाज आहे, त्यातले निम्म्याच्या आसपास सभासदांनी दिलेत. शंभर रुपये दिलेत तरी चालतील. प्रती नाशिक जिल्ह्यातल्या शाळांना आणि वाचनालयांना फुकट जातील, पीडीएफ सगळ्यांसाठी खुली. तुमचे विचार डावे असोत की उजवे, पुस्तिकेत कुणाची आरती नाही की कुणाची बदनामी नाही, जे कागदावर आहे तेच जाणार.

रोख किंवा यूपीआय, दोन्ही चालेल, वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८ कुणीतरी असतंच, पावती लगेच मिळेल आणि दर महिन्याचा हिशोब बाहेरच्या फलकावर लावू. भाषांतर करणाऱ्यांनी मात्र पैशांची वाट न बघता आधी कळवा, लेख वाटून द्यायला सुरुवात करायचीये.