सद्याला, हॉलच्या ठरावाबद्दल

प्रिय सद्या,

ठराव मीच लिहिला. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाने पेनसिल्व्हेनियातल्या हंगेरियन लोकांची संस्था दुसऱ्या मोठ्या संस्थेत विलीन करायचा ठराव लिहावा, आणि तोही असा की वकिलाला स्वल्पविरामसुद्धा बदलावा लागला नाही! घे हसून. पोट दुखेपर्यंत हस, मग पुढचं वाच. इथल्या मराठी मंडळींना सांगायला जावं तर म्हणतील, तुम्ही त्यांच्यात गेलातच कशाला? जसं काही बायको हंगेरियन घरातली आहे हे त्यांना ठाऊकच नाही.

तब्येत ठीक. साखर गोळीवर आहे, दात नवे आहेत.

मागे फोनवर तू विचारलं होतंस, ही नक्की भिशी की एलआयसी? दोन्ही. आणि वर ग्रामस्थ मंडळ. विम्याचे हप्ते घ्यायचे, मयताचे पैसे द्यायचे आणि उरलेल्या वेळात नाच, सहल, पोरांना शिष्यवृत्त्या. मालक कुणी नाही, सभासद हेच मालक. शाखा असल्या पाहिजेत, निवडून दिलेले प्रतिनिधी असले पाहिजेत, तरच सरकार आयकर माफ करतं. त्यामुळे इतिवृत्त लिहिणं हा इथे छंद नाही, कायदा आहे. आपल्या दिन्याला इथे आणला असता तर जन्माचं सार्थक झालं असतं त्याच्या.

यांची सुरुवात वाचताना मला तुझी आई दिसते. १८८६ साली हेझलटनच्या कोळसा खाणीतल्या मूठभर मजुरांनी पहिली मोठी संस्था काढली, व्हेर्होवाय नावाच्या त्यांच्याकडच्या एका पुढाऱ्याचं नाव देऊन. हीच पुढे १९५५ साली ब्रिजपोर्टच्या राकोत्सी नावाच्या संस्थेशी एक झाली आणि विल्यम पेन म्हणून आजही चालू आहे. आमची त्यामानाने चिल्लर. पण माणसं तीच. गावाकडून एकटे आलेले पुरुष, एका खोलीत दहा-बारा जण, रात्रपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर दिवसपाळीवाला आडवा. आणि या सगळ्यांचं रांधणारी, धुणारी, हिशेब तोंडपाठ असणारी एक बाई. तुझ्या आईची, आपल्या काकींची खानावळच ती, फक्त बांगड्याऐवजी कोबीच्या पानात गुंडाळलेलं डुकराचं मांस.

खाणीत माणूस मेला तर मालकाची चूक कोर्टात सिद्ध केल्याशिवाय तो एक दमडी द्यायला बांधलेला नव्हता. पेनसिल्व्हेनियात नुकसानभरपाईचा कायदा लागू झाला १९१६ साली. त्याआधी, १९ डिसेंबर १९०७ ला, डार खाणीत स्फोट होऊन २३९ माणसं गेली. त्यात हंगेरीहून आलेले कितीतरी. त्यांच्या बायकांना हक्काने मागता येईल असं एकच दार होतं, आपल्या माणसांनी काढलेली संस्था. म्हणून इथली म्हातारी माणसं पॉलिसीचा कागद अजून बायबलमध्ये ठेवतात.

पहिल्यांदा पद्धत आपल्यासारखीच होती. कुणी गेला की प्रत्येकाने ठरलेली रक्कम काढायची, विशीतल्यानेही तेवढीच आणि साठीतल्यानेही. सभासद म्हातारे झाले, मयतं वाढली, वर्गण्या वाढल्या, तरणे पळाले, उरलेल्यांवर आणखी बोजा. शेवटी वयाप्रमाणे हप्ता आणि गंगाजळी, हा हिशेब सगळ्यांना शिकावा लागला. मोडल्या त्या संस्था, ज्यांनी तो उशिरा शिकला.

आम्ही शिकलो, तरी अडकलोय. जुन्या पॉलिसींवर आणि ठेवींवर आम्ही चांगल्या व्याजाची हमी देऊन बसलो. २००८ नंतर रोख्यांवरचे व्याजदर पडले, हमी काही पडली नाही. नवी पोरं येत नाहीत. त्यांना नाच हवा असतो, विमा ती मोबाइलवर काढतात. आणि संस्था केवढीही छोटी असो, विमागणिती, हिशेबतपासनीस, राज्याच्या विमा खात्याचे जाडजूड तक्ते, सगळं मोठ्यांसारखंच लागतं. तो खर्च लाखो सभासदांत वाटणं वेगळं आणि आमच्या काही हजारांत वाटणं वेगळं.

हे सगळं मी झोपेतही सांगेन. झोप उडवणारं आहे ते एक कलम. गंगाजळीत खड्डा पडला तर संचालक मंडळ प्रत्येक सभासदाकडे त्याच्या वाट्याची भर मागू शकतं. नाही दिली तर ती त्याच्या पॉलिसीवर कर्ज म्हणून चढते, व्याजासकट, नाहीतर मिळणारी रक्कम कापून घ्यायची. साधी विमा कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी असतो. आमच्यासारख्या संस्था बहुतेक राज्यांत त्याच्या बाहेर. हे कलम प्रत्येक पॉलिसीत छापलेलं आहे आणि मला भेटलेल्या एकाही म्हातारीने ते वाचलेलं नाही. अजून खड्डा पडलेला नाही. पण मी खजिनदार आहे, मला तो दिसतो. म्हणून विलीनीकरण. इथवर मनात शंका नाही.

शंका हॉलची आहे. शाखेचा हॉल, खाली स्वयंपाकघर, वर नाचायची लाकडी जमीन. कागद संस्थेच्या नावावर, म्हणजे विलीन झालं की नव्यांचा. 'तूर्त विकणार नाही' म्हणतात, आणि 'तूर्त'चा अर्थ तुला-मला गिरणीमालकांनी शिकवलाय. बरं, आधीच हॉल शाखेच्या नावावर फुकट करून द्यावा, तर ती मालमत्ता सगळ्या पॉलिसीवाल्यांची. या गावातल्या दोनशे जणांच्या नाचासाठी ओहायोतल्या विधवेच्या पैशाला मी हात लावू?

ओळखीचं वाटतंय ना? ८२ च्या संपात मी म्हणत होतो, मंडळाची खोली पागडी घेऊन देऊन टाका, घरात चूल नाही तिथे पैसे पोचवा. तू म्हणालास, उद्या गाववाला मुंबईत उतरला तर झोपेल कुठे? त्यावरून तू दोन वर्षं बोलला नाहीस. तेव्हा मी बरोबरच होतो, हे इथे लिहून ठेवतो. तुझं पत्र आलं की त्यात पहिलं वाक्य याबद्दल असणार, म्हणून आधीच सांगितलं.

इथे सासूबाईंनी अबोला धरलाय. त्यांच्या वडिलांनी पाळी संपवून येऊन त्या हॉलच्या विटा रचल्या होत्या. दर हिवाळ्यात चर्चच्या बायकांबरोबर बसून त्या सुपात घालायच्या चिगा शेवया वळतात, गोगलगाईच्या शंखासारख्या पिळाच्या, बारीक, आणि एक पिशवी मला ठेवतात. यंदा पिशवी नाही. तुझा अबोला परवडला, काकींनी माझं ताट कधी बंद केलं नव्हतं.

दुसरी गंमत. इथे जुने खाणवाले आणि हंगेरीतल्या १९५६ च्या उठावानंतर पळून आलेले, यांचं पिढीजात हाडवैर. हे म्हणतात, तुम्ही आयत्या हॉलमध्ये आलात. ते म्हणतात, तुमची भाषा खाणीतली. सहलीत डुकराची चरबी भाजून पावावर ठिबकवायची असते, त्यासाठी दोन वेगळ्या शेकोट्या पेटायच्या. ठराव वाचला आणि दोन्ही गट एका शेकोटीला आले. माझ्याविरुद्ध. संस्थेत एवढी एकी गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन करायचं तर पावसाळ्याआधी कर. धाकटीचं लग्न ठरलं हे दिन्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही, हे लक्षात ठेवतोय. पोराला माझे आशीर्वाद, आणि आहेर पाठवतो, वहिनींना नको म्हणू देऊ नकोस.

आता कामाचं. एक वाट सुचतेय. गावातल्या सभासदांनी हॉलची रीतसर किंमत काढून तो संस्थेकडून विकत घ्यायचा. गंगाजळीला धक्का नाही, हॉलही राहतो. फक्त एवढे पैसे या पेन्शनवाल्यांकडे कुठले? तेव्हा तू खोली वाचवलीस आणि तरी संपवाल्यांच्या घरी तांदूळ पोचला. मला माहीत आहे, कारण आमच्याही घरी पोचला. ते पैसे तू कुठून उभे केलेस, कुणाकुणाकडे गेलास, काय शब्द टाकलास, कुणाला काय लिहून दिलंस? रागात मी विचारलं नाही आणि गुर्मीत तू सांगितलं नाहीस. आता सांग, सगळं, आकड्यांसकट. मतदान सप्टेंबरात आहे, दोन तृतीयांश मतं लागतात. त्याआधी पत्र यायला हवं. फोन करू नकोस, फोनवर तू बढाया मारतोस.

तुझा,
वश्या