ज्युलीचा पश्चात्ताप

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

जुन्या फ्रेंच उमरावांची प्रेमप्रकरणे म्हणजे रिकामपणचे उद्योग, हे तुझ्या पत्रातले मत मला मान्य नाही, आणि ते का, हे ज्युली द लेस्पिनासविषयी लिहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

एका काउंटेसची ही अनौरस मुलगी १७५४ साली पॅरिसला आली ती मादाम द्यु देफाँ या दृष्टी गमावत चाललेल्या बुद्धिमती स्त्रीची सोबतीण म्हणून. बाई संध्याकाळी उठत. त्याआधीच त्यांचे पाहुणे ज्युलीच्या खोलीत जमतात, हे १७६४ मध्ये उघडकीस आले आणि दोघींचे कायमचे बिनसले. ज्युलीने मग स्वतःची बैठक सुरू केली आणि गणितज्ञ दालाँबेर तिच्याच घरी येऊन राहिला.

तिचे मन मात्र स्पेनच्या राजदूताच्या मुलावर, मार्की द मोरावर, जडले. त्यालाही तिच्याशी लग्न करायचे होते; पण क्षयाने तो खंगला आणि १७७२ मध्ये त्याला पॅरिस सोडावे लागले. त्याच वर्षी तिला काउंट गिबेर भेटला. लष्करी डावपेचांवरील ग्रंथामुळे नावाजलेला हा तरुण तिच्याहून ११ वर्षांनी लहान होता. १७७४ च्या फेब्रुवारीत ती त्याची झाली, आणि मे महिन्यात तिच्या भेटीसाठी निघालेला मोरा वाटेत बोर्दो येथे वारला.

यापुढची तिची पत्रे मला विलक्षण वाटतात. मोराशी प्रतारणा केल्याची टोचणी तिला जगू देत नव्हती, आणि ती बोलून दाखवायला माणूस एकच होता, ज्याच्यामुळे ती प्रतारणा घडली तो गिबेर. त्याला दोष देत, त्याची क्षमा मागत, अफूच्या आधाराने रात्री काढत ती लिहीत राहिली. त्याने १७७५ मध्ये दुसरीशी लग्न केल्यावरही थांबली नाही. १७७६ च्या मे महिन्यात ती गेली. याला रिकामपण म्हणायला माझे मन धजत नाही.

दालाँबेरचे दुःख तर मला सर्वांत मोठे वाटते. तिचे कागद आवरताना त्याला मोरावरील तिचे प्रेम कळले, आणि तो शोक त्याने मोकळा केला तो गिबेरजवळच, कारण गिबेरविषयी त्याला काहीच ठाऊक नव्हते.

गिबेरला लिहिलेली ती पत्रे १८०९ मध्ये छापून प्रसिद्ध केली ती त्याच्या विधवेने. नवऱ्याच्या पूर्वीच्या प्रेयसीचे शब्द जगापुढे ठेवावेत असे तिला का वाटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. पत्रे वाचून झाल्यावर तुझे मत सविस्तर कळव.

तुझा,
माधव