रविवारची कर्नाळा फेरी : सदस्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,
येत्या रविवारी सकाळी ६ वाजता पनवेल एसटी स्टँडवर जमायचं आहे. कृपया उशीर नको, ऊन चढलं की पक्षी गप्प होतात. कर्नाळा अभयारण्य जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं, शेजारून मुंबई-गोवा महामार्ग. तरी मागच्या खेपेला स्वर्गीय नर्तक या पक्ष्याची पांढरी शेपटी फितीसारखी फांद्यांतून सरकली आणि सगळे जागीच थबकले.

महत्त्वाचं : अभयारण्यातल्या कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, परफ्यूम लावू नका. काडी पेटवू नका, आरडाओरडा तर नकोच. पक्षी बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नयेत, विनाकारण त्रास होतो त्यांना. कपडे मातकट रंगाचे, पाणी स्टीलच्या बाटलीत. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.